डोंबिवलीचे मत आणि डोंबिवलीचे मतदान

राजकारणाची चर्चा जितकी आमच्या डोंबिवलीस होते, तितकी ती खुद्द राजधानीत तरी होत असेल की नाही, ह्याची आम्हांस शंका आहे. सकाळच्या जलद गाडीत चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसलेला गृहस्थ दादर येण्यापूर्वी एक मंत्रिमंडळ पाडतो आणि दुसरे बनवितो. सायंकाळी फडके रस्त्यावर भाजीची पिशवी सावरीत उभे राहिलेले दोन निवृत्त कारकून देशाच्या अर्थसंकल्पातील तूट बोलता बोलता भरून काढितात. इतके असूनही मतदानाचा दिवस उजाडला की ह्या बोलक्या गावापैकी निम्मे गाव मुके होते. हे असे का व्हावे, ह्याचा विचार आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. त्यात आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट येणार आहे. ती आमच्या लौकिकास फारशी शोभणारी नाही. तथापि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

प्रथम गावाविषयी दोन शब्द. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. ह्या लोहमार्गाच्या कडेचे एक लहानसे खेडे, एवढीच डोंबिवलीची मूळची ओळख. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींतून जागा पुरेनाशी झाली, तेव्हा शिक्षक, कारकून, बँकांतील व टपालखात्यातील नोकर अशी पांढरपेशी मंडळी परवडणाऱ्या भाड्याच्या शोधात येथे आली. त्यांनी आपल्याबरोबर वाचनालये, व्याख्यानमाला, पतपेढ्या, नाट्यमंडळे आणि शाळा आणिल्या. १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष-स्वागतयात्रा येथे निघाली व तिचे अनुकरण पुढे गावोगाव झाले. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथेच भरले. सारांश, ज्या गावास नागरिकशास्त्र नव्याने शिकवावे लागू नये, असे हे गाव.

ह्या गावाचा राजकीय कल कोणता, असे कोणी विचारिले तर उत्तर देण्यास फार विचार करावा लागत नाही. आणीबाणीनंतर १९७७ साली, आणि पुन्हा १९८० साली, त्या वेळच्या ठाणे मतदारसंघातून रामभाऊ म्हाळगी लोकसभेवर गेले. आपण वर्षभरात काय केले ह्याचा लेखी अहवाल मतदारांस सादर करण्याची त्यांची पद्धत असे. आज ती दंतकथेसारखी वाटते. पुढे १९८९ व १९९१ साली मराठीचे प्राध्यापक राम कापसे निवडून आले, आणि १९९६ पासून शिवसेनेचे प्रकाश परांजपे लागोपाठ चार वेळा विजयी झाले. २००८ च्या पुनर्रचनेने कल्याण हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ झाला. विधानसभेचा डोंबिवली मतदारसंघही त्याच वेळी निर्माण झाला व २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुका भारतीय जनता पक्षाचे रवींद्र चव्हाण ह्यांनी जिंकल्या.

परंतु एवढ्यावरून गाव एकाच सुरात गाते असे समजणे चुकीचे होईल. १९८४ साली ह्याच ठाणे मतदारसंघाने काँग्रेसचे शांताराम घोलप ह्यांस निवडून दिले होते. २०१० च्या महापालिका निवडणुकीत नव्याने निघालेल्या मनसेच्या पदरात पंचविसांहून अधिक जागा पडल्या, आणि पाचच वर्षांनी त्या दहाच्या आत आल्या. शेजारच्या कल्याण ग्रामीण मतदारसंघाने २०१९ साली त्या पक्षाचा राज्यातील एकमेव आमदार निवडला आणि २०२४ साली त्याचा पराभवही केला. म्हणजे कल आहे हे खरे. पण तो दगडावरची रेघ नव्हे.

आता मतदानाचे आकडे पाहावे. कल्याण लोकसभा मतदारसंघात २००९ साली सुमारे ३४ टक्के मतदान झाले, २०१४ साली सुमारे ४३, २०१९ साली सुमारे ४५ आणि २०२४ साली सुमारे ५० टक्के. ह्याच २०२४ साली साऱ्या देशाचे मतदान सुमारे ६६ टक्के व महाराष्ट्राचे सुमारे ६१ टक्के होते. आणि ज्या गडचिरोलीत मतदान केंद्रापर्यंत रानवाटा तुडवीत जावे लागते, तेथील मतदारसंघात ते सुमारे ७२ टक्के झाले. कल्याणच्या यादीत त्या वेळी वीस लाखांहून अधिक नावे होती. म्हणजे दहा लाखांच्या घरात नावे अशी, की ज्यांपुढे सही पडली नाही.

ह्यावर लोक एक ठरलेले कारण सांगतात, ते सुट्टीचे. ते अगदीच खोटे नाही. २००९ साली मतदान गुरुवारी ३० एप्रिलला होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. २०१९ साली ते सोमवारी २९ एप्रिलला आले. आधी चौथा शनिवार व रविवार, आणि मंगळवारची एक रजा टाकली की बुधवारी पुन्हा महाराष्ट्र दिन. पंचांगात असा योग क्वचितच येतो! २०२४ च्या मे महिन्यातही मतदान सोमवारीच होते. निवडणूक आयोगाने हे ओळखले आणि त्याच वर्षीची विधानसभेची निवडणूक मुद्दाम बुधवारी, २० नोव्हेंबरला ठेविली. राज्यात त्या दिवशी सुमारे ६६ टक्के, म्हणजे १९९५ नंतरचे सर्वांत अधिक मतदान झाले.

तथापि सुट्टीच्या माथी सारा दोष मारावा, तर २०१४ चा दाखला आडवा येतो. त्या वर्षी मतदान गुरुवारी २४ एप्रिलला होते, लागून सुट्टी नव्हती, देशभर निवडणुकीचे वारे वाहत होते. तरीही शंभरातील सत्तावन्न नावे कोरीच राहिली. तेव्हा कारणे आणखी असली पाहिजेत.

त्यांतील एक आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले आहे. शाळामास्तरकीच्या नोकरीत आम्हांस निवडणुकीचे काम अनेक वेळा करावे लागले. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यावे, रात्री मतदान केंद्रातच सतरंजीवर पडावे, पहाटे उठून प्रतिनिधींसमक्ष चाचणी मतदान करून दाखवावे, आणि मग दिवसभर मतदारयादीवर डोळे ताणावे. ह्या यादीत आम्हांस किती परलोकवासी भेटले, ह्याची गणती नाही. कोणी बदलापुरास घर घेतले, कोणी मुलाकडे पुण्यास गेले, कोणी कायमचे निघून गेले; नावे मात्र जेथल्या तेथे. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या यादीत आणि सासरच्या यादीत तिचा पत्ता नाही, हा तर नित्याचा प्रकार. उपनगर म्हणजे वाहते गाव. त्याची यादी साचलेली राहिली तर टक्केवारी खाली दिसणारच. म्हणून निम्म्या जिवंत माणसांनी कर्तव्य चुकविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मृतांस व स्थलांतरितांस वजा केले तरी चुकविणारे पुष्कळ उरतात, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण त्या कलातच दडलेले आहे. जेथे निकाल आधीच ठरल्यासारखा वाटतो, तेथे दोन्ही बाजूंचे लोक घरी बसतात. एक म्हणतो, ‘आपला माणूस येणारच आहे, माझ्या एका मताने काय व्हायचे?’ दुसरा म्हणतो, ‘आपला माणूस येतच नाही, माझ्या एका मताने काय व्हायचे?’ प्रश्न एकच. फक्त म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकीकडे समाधान असते आणि दुसरीकडे वैताग. ह्यात तोटा दोघांचाही आहे. ज्याची निवड गृहीत धरली जाते तो प्रतिनिधी वार्षिक अहवाल कशास लिहील? आणि ज्याच्या बाजूची मते पेटीत पडतच नाहीत, त्याच्या बाजूने उद्या चांगला माणूस उभा तरी का राहील?

तिसरे कारण घरातले आहे, आणि तेथे आम्ही आमच्या गोष्टीवर येतो.

आमचे कुटुंब एकत्र आहे. आम्ही उभयता, धाकटा बंधू व त्याची पत्नी, दोन मुलगे, दोन सुना, आणि आमच्या वडिलांची बहीण, जिला सारे घर आत्याबाई म्हणते. २०१९ साली अशी एकूण नऊ मते घरात होती. आमच्या वडिलांची एक चाल होती : मतदानाच्या आदल्या रात्री जेवणे झाली की ते ओसरीवर बसून उद्या शिक्का कोणत्या चिन्हावर मारावयाचा ते सांगत. घर एक तर मत एक, असे त्यांचे सूत्र. त्यांच्यामागे ती चाल आम्ही चालविली, आणि तीत काही वावगे आहे असे आमच्या कधी मनातही आले नाही. दुसऱ्यांच्या मतांवर पहारा देत आमचे अर्धे आयुष्य गेले होते. स्वतःचे मत मात्र कामाच्या गडबडीत टपाली मतपत्रिकेचा अर्ज न भरल्यामुळे आम्ही दोनदा-तीनदा बुडविले होते, तेही कोणास सांगितले नव्हते.

त्या एप्रिलात मुलांनी सुट्ट्यांचा हिशेब मांडला आणि कुलदैवताच्या दर्शनास कोकणात जावयाचे ठरविले. आम्ही जरा कुरकुरलो. पण देवाचे कार्य म्हटल्यावर मोडता कसा घालावा, अशी मनाची समजूत घातली. खरे सांगावयाचे तर आंब्यांचे दिवस होते आणि आम्हांसही जावेसे वाटत होते. आठ जण गेलो. आत्याबाईंस प्रवास सोसत नाही, म्हणून त्या शेजारच्या मंडळींच्या भरवशावर घरी राहिल्या.

बुधवारी रात्री परतलो तेव्हा आत्याबाई माजघरात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताची तर्जनी वर केली. तीवर शाईची काळी रेघ होती. ब्याऐंशी वर्षांची ती म्हातारी शेजारच्या मुलीचा हात धरून भर उन्हात शाळेपर्यंत गेली होती आणि पाऊण तास रांगेत उभी राहिली होती. त्या एवढेच म्हणाल्या, “घरात नऊ मतं, आणि काळं बोट एकच.”

आम्हांस फार लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर रागावतो, तसे आम्ही मुलांवर व सुनांवर रागावलो. तेव्हा धाकटी सून, जी एरवी आमच्यासमोर चढ्या स्वरात कधी बोलत नाही, ती शांतपणे म्हणाली, “बाबा, राग मानू नका. मत कुणाला द्यायचं ते तुम्ही आदल्या रात्री सांगता. मग मी गेले काय आणि न गेले काय, मोजलं जाणार ते तुमचंच मत. त्यात माझं असं काही असतं, तर कोकणात यायला मीच नको म्हटलं असतं.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही जन्मभर मुलांस संस्कृत शिकविले. ‘मत’ हा शब्द ‘मन्’ धातूचे क्त-प्रत्यय लागून झालेले रूप. जे स्वतःच्या मनाने विचारिले गेले ते मत, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! आणि ‘दान’ म्हणजे काय? जी वस्तू आपल्या स्वामित्वाची, तिचेच दान करता येते. परक्याच्या गायीचे गोदान होत नाही. मग ज्या मतामागे मुलीचे मन नाही, ते मत कसले, आणि जे तिचे नाही, त्याचे दान ती करणार कसे? व्याकरण आम्ही शिकविले, आणि त्याचा अर्थ मात्र सुनेकडून शिकलो.

येथे एक जुनी हकीकत आठवते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगण्याचे नाकारिले. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्या सांगत. सुकुमार सेन हे त्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त होते. नावाशिवाय नोंद नाही असा नियम ठरला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. ती हकीकत वाचून आम्ही त्या अडाणी काळाची कीव करीत असू. आमच्या घरात सुनांची नावे यादीत होती. पण त्यांच्या मताच्या जागी ‘अमक्याची सून’ एवढेच आम्ही लिहून ठेविले होते, हे आम्हांस उमगले नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली. आदल्या रात्री सारे जेवून बसले आणि सवयीने आमच्याकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो, “उद्या सकाळी नऊच्या आत सर्वांनी जाऊन यावे. ह्यापुढे काही सांगावयाचे नाही.” हे वाक्य उच्चारणे आम्हांस किती जड गेले, ते आमचे आम्हांस ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ बोटे काळी झाली. कोणी कोणास मत दिले, हे आजतागायत आम्ही विचारिले नाही. एक फरक मात्र जाणवला. पूर्वी घरात वर्तमानपत्र आम्ही वाचीत असू आणि बाकीचे ऐकत असत. आता ते सकाळी आमच्या हाती येईपर्यंत त्याची घडी मोडलेली असते.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या मतांत नातीची भर पडली. त्या वर्षी पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांस घरी मत देण्याची सोय होती. त्यासाठी आधी अर्ज करावा लागे. तो आम्ही वेळेत दिला. ठरल्या दिवशी कर्मचारी मतपत्रिका घेऊन आले, तेव्हा आत्याबाईंनी आम्हां सर्वांस खोलीबाहेर काढिले. चष्मा सापडेना म्हणून नात मदतीस जाऊ लागली, तर तिलाही म्हणाल्या, “चष्मा दे आणि जा. गुप्त म्हणजे गुप्त.”

परंतु गर्वाचे घर खाली असते. मतदानाच्या दिवशी थोरली सून तासभर उन्हात उभी राहिली आणि रांगेच्या शेवटी तिला सांगण्यात आले की, आपले नाव यादीत नाही. मागील वेळी होते. ह्या वेळी गळाले. कोणत्या कार्यालयाच्या हातून ते गळाले ह्याचा शोध घेण्यात अर्थ नाही. त्या दिवशी तिच्यासारखे परत जाणारे आणखीही होते. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. दिवसभर तिने ते न काळवंडलेले बोट पदरात झाकून धरिले. पाच वर्षांपूर्वी ह्याच घरातील आठ जणांनी आपली मते आंब्यांच्या मोसमावरून ओवाळून टाकिली होती. आज एक मत नाकारले गेले, तर घरात सुतक पडल्यासारखे झाले. दोष यादी करणाऱ्यांचा होता, तितकाच आमचाही होता. चार महिने आधी यादी पाहून ठेवावी, हे जन्मभर यादीवर बोट फिरविलेल्या माणसास न सुचावे! मग सहा क्रमांकाचा अर्ज भरिला, त्याचा पाठपुरावा केला, आणि नोव्हेंबरात, त्या बुधवारी, सर्वांत आधी केंद्रावर पोहोचली ती थोरली सून.

मताचे मोल मत नसले म्हणजे कळते, ह्याचा अनुभव पुढे सर्व गावासही आला. आमची महापालिका १९८३ साली स्थापन झाली, पण तिची पहिली निवडणूक व्हावयास १९९५ उजाडले. नंतर २०१५ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, आणि पुन्हा मतदान झाले ते थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. रस्त्यातील खड्डा कोणास दाखवावा आणि पाणी न आल्यास कोणाचे दार ठोठवावे, ह्याचा उलगडा कोणास होईना. ज्यांनी नगरसेवकाच्या निवडणुकीस कधी घराबाहेर पाऊल टाकिले नव्हते, तेच ‘आमचा नगरसेवक कोठे आहे?’ असे विचारू लागले.

तेव्हा वाचकांस, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या मंडळींस, आमची तीन मागणी आहेत. पहिले, दिवाळीची साफसफाई करितो तशी वर्षातून एकदा घराच्या नावांची यादी तपासावी. नव्या नावासाठी सहा, गेलेल्याचे नाव कमी करण्यासाठी सात व पत्ता पालटण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज असतो. गेलेल्या माणसाचे नाव काढावयास हात धजत नाही हे आम्ही जाणतो. आमच्या वहिनींचे नाव चार वर्षे तसेच होते. पण श्राद्ध जसे कर्तव्य, तसेच हेही. दुसरे, मतदानाच्या दिवशी कामावरून मिळणारी पगारी सुट्टी ही कायद्याने मतासाठी दिलेली आहे; आधी मत, मग प्रवास. कुलदैवत एक दिवस थांबते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. तिसरे आणि सर्वांत कठीण : घरात चर्चा भरपूर करावी, वाद घालावा, आपली बाजू पटवून द्यावी, पण आदल्या रात्री आज्ञा करू नये. उमेदवार कोणीही पसंत नसेल, तर २०१३ पासून तेही यंत्रावर नोंदविता येते. त्याने निकाल पालटत नाही. पण घरी बसणाऱ्याचे मौन आणि जाऊन नापसंती नोंदविणाऱ्याचे मौन ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

आमच्या गावाचा कल कोणीकडे असावा, हे सांगणे आमचे काम नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. २००९ साली ३४ वर असलेला आकडा २०२४ साली ५० वर आला, हे चिन्ह चांगले आहे. ज्या घराघरांतून तो वर चढला, त्यांत आमचेही एक घर आहे, एवढेच समाधान आम्ही बाळगितो.

आत्याबाई आता एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. परवा नातीने त्यांस थट्टेने विचारिले, “पणजीआत्या, इतक्या वर्षांत तू मत कुणाला दिलंस ते आता तरी सांग की!” त्या वाती वळीत होत्या. मान वर न करिता म्हणाल्या, “तुझ्या पणजोबांना नाही सांगितलं, ते तुला सांगू होय?”

आम्ही पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होतो. वडील ओसरीवर बसून चिन्ह सांगत, तेव्हा त्यांची ही बहीण मान डोलावून ‘बरं’ म्हणत असे, हे आम्हांस चांगले आठवते. ते ‘बरं’ काय होते, हे कळावयास आम्हांस इतकी वर्षे लागली.